आबांचे मणी आणि यशवंतरावांची खुर्ची

परवा गावाकडचं घर आवरायला गेलो होतो. घर विकायचं की ठेवायचं हे अजून ठरलेलं नाही, पण पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल आली म्हणून निदान आबांचं कपाट तरी मोकळं करावं असं ठरलं. आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण कपाटाची किल्ली अजून त्याच खिळ्याला लटकत होती.

कपाटात दोन गोष्टी निघाल्या. एक, मराठी विश्वकोशाचे सुरुवातीचे काही खंड. दुसरी, सिगारेटचा एक जुना पत्र्याचा डबा आणि त्यात मूठभर मणी. लाल, पांढरे, काळपट. काहींना भोक पडलेलं, काहींचं अर्धवट राहिलेलं. आमचं एक शेत तेरच्या शिवेला आहे. पहिला मोठा पाऊस पडून गेला की तिथे असे मणी मातीतून वर येतात. आबा नांगरामागून चालताना वेचायचे, धोतराच्या सोग्यात बांधायचे आणि घरी आल्यावर डब्यात टाकायचे. आम्ही पोरं त्याला गोट्यांचा डबा म्हणायचो.

कपाटापुढे आमची छोटी संसदच भरली. आत्याचं म्हणणं, प्रत्येकाने दोनदोन मणी आठवण म्हणून घ्यावेत. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, ऑनलाइन अशा गोष्टींना लई भाव असतो म्हणे." पुस्तकांकडे मात्र कोणी ढुंकून बघितलं नाही. ती रद्दीत जाणार हे जणू आधीच ठरलं होतं.

मी कोणाशी वाद घातला नाही. दोन्ही वस्तू पिशवीत घालून धाराशिवला घेऊन आलो. त्या दिवसापासून डोक्यात एक प्रश्न घोळतोय. जुनी वस्तू असो वा ज्ञान, ती नेमकी कोणाची? आणि सरकारने त्यात किती हात घालावा? या प्रश्नाने मला दोन राजकारण्यांकडे नेलं. एक फ्रेंच, दुसरा आपला देवराष्ट्र्याचा. मंडळी, लेख जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी फ्रेंच गृहस्थ. आंद्रे माल्रो. १९०१चा जन्म. मोठा कादंबरीकार, १९३३ साली त्याला फ्रान्सचा गोंकूर पुरस्कार मिळाला. पण त्याआधी दहा वर्षं, १९२३ साली, हाच माणूस कंबोडियात बांतेय श्रेईच्या देवळावरची शिल्पं कापून नेताना पकडला गेला होता! खटला चालला, तीन वर्षांची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी झाली आणि तुरुंगवास टळला. आणि १९५९ साली जनरल द गॉलने फ्रान्समध्ये सांस्कृतिक कारभाराचं स्वतंत्र मंत्रालय काढलं, त्याचा पहिला मंत्री कोण? हाच माल्रो. देवळं फोडणारा देवळं राखायला बसला. नियतीची गंमत म्हणतात ती अशी.

दहा वर्षं, म्हणजे १९६९पर्यंत, तो त्या खुर्चीवर होता. काजळीने काळी पडलेली पॅरिसची दगडी घरं त्याने घासूनपुसून घेतली. १९६२ साली शहरांमधले जुने भाग वाचवण्याचा कायदा केला, जो आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. नाटक, चित्रं, संगीत हे सगळं पॅरिसबाहेर नेण्यासाठी गावोगाव 'संस्कृतीची घरं' उभारायला घेतली. त्यातलं पहिलं १९६१ साली ल आव्र या बंदरात उघडलं. कल्पना भव्य होती, पण थोडी वरून खाली येणारी होती. राजधानीने उत्तम ते निवडायचं आणि जिल्ह्यांना वाढायचं.

आता आपल्याकडे या. माल्रो मंत्री झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १ मे १९६०ला महाराष्ट्र राज्य झालं आणि यशवंतराव चव्हाण पहिले मुख्यमंत्री झाले. वयाची सत्तेचाळीस वर्षं नुकतीच पूर्ण झाली होती.

आमच्या भागाचा त्यांच्याशी संबंध मात्र त्याआधीचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्य मोडलं आणि मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. यशवंतराव त्या राज्याचे मुख्यमंत्री झाले तेही नेमक्या त्याच दिवशी. म्हणजे उस्मानाबाद जिल्ह्यातल्या माणसांना (तेव्हाचं नाव तेच, धाराशिव हे नाव सरकारदरबारी परत आलं ते २०२३ साली) मराठी मुलखातला पहिला मुख्यमंत्री भेटला तो हा.

याचं महत्त्व पुण्यामुंबईच्या मित्रांना चटकन कळत नाही. निजामाच्या राज्यात दरबाराची भाषा उर्दू, कचेरीची उर्दू आणि १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचीही उर्दू. आबा उर्दूतून शिकले. हिशेब उर्दूत करायचे. मराठी होती ती आईची, ओवीची, गोरोबाकाकांच्या अभंगांची. म्हणजे देवाशी बोलायला मराठी आणि तहसीलदाराशी बोलायला उर्दू. उर्दू वाईट असं मी अजिबात म्हणत नाही, आबांना ती फार प्रिय होती. पण आपली भाषा शहाणपणाच्या कामाची नाही, असं माणसाला लहानपणापासून शिकवलं गेलं की ते आतपर्यंत जातं.

२३ ऑगस्ट १९५८ला औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं, उद्घाटनाला पंडित नेहरू आले होते. तोवर आमच्याकडच्या पोराला पदवी घ्यायची तर बहुधा हैदराबादची वाट धरावी लागे. मराठवाड्याचं पहिलं विद्यापीठ यशवंतरावांच्या कारकिर्दीत झालं, हे घरातले जुने लोक आवर्जून सांगायचे.

पण यशवंतराव म्हणजे त्या काळी सगळ्यांचे लाडके होते असं समजू नका. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ते लोकांच्या रोषाचे धनी होते. नेहरू आणि संयुक्त महाराष्ट्र यांत निवड करायची वेळ आली तर मी नेहरूंना मोठं मानेन, अशा अर्थाचं ते बोलले होते आणि ते वाक्य त्यांना वर्षानुवर्षं चिकटून राहिलं. आचार्य अत्र्यांनी 'मराठा'तून त्यांना सोलून काढलं. ३० नोव्हेंबर १९५७ला प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणाला नेहरू आले, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा काळ्या निशाणांसह माणसं उभी होती आणि मुख्यमंत्री होते यशवंतराव. अशा माणसाच्या हातात अखेर १९६०चा मंगल कलश आला. त्यात भर म्हणजे नागपूरचे संपादक ग. त्र्यं. माडखोलकर यांनी थेटच विचारलं, हे राज्य मराठी की मराठा? यशवंतरावांनी उत्तर दिलं, मराठी. उत्तर द्यायला सोपं होतं, पण ते खरं करून दाखवणं अवघड होतं.

माझ्या मते त्यांचं सांस्कृतिक धोरण याच पेचातून आलं. १०५ हुतात्म्यांच्या बलिदानानंतर भाषेच्या नावावर राज्य मिळालं होतं. त्या भाषेत राज्य चालतं, विज्ञान लिहिता येतं, जगाचं ज्ञान मावतं, हे दाखवलं नाही तर राज्य म्हणजे फक्त नकाशावरची रेघ उरली असती. म्हणून जुलै १९६०मध्ये भाषा संचालनालय निघालं आणि नोव्हेंबर १९६०मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ. राज्याला सात महिनेही झाले नव्हते. धरणं, साखर कारखाने, पंचायत राज असा सगळा पसारा समोर असताना!

आणि मंडळाच्या अध्यक्षपदी त्यांनी कोणाला बसवलं? इथेच खरी गोष्ट आहे. स्वतःला नाही. एखाद्या नाराज आमदाराची सोय लावली असंही नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांना बसवलं. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडलेला, काशीत शिकलेला संस्कृत पंडित. पण हा पंडित असा, की अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार नाही हे शास्त्र उलगडूनच सांगणारा आणि १९३३ साली गांधीजींचे चिरंजीव देवदास आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह लावणारा. १९५५ साली साहित्य अकादमीचा मराठीसाठीचा पहिला पुरस्कार त्यांच्याच 'वैदिक संस्कृतीचा विकास' या ग्रंथाला मिळाला होता. यशवंतराव आणि शास्त्रीजी दोघांवरही मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचा प्रभाव होता, तेव्हा ओळख जुनी होती हे खरं. पण सत्तेवर आल्यावर ओळखीतला शहाणा माणूस निवडावा आणि मग त्याच्या कामात लुडबूड करू नये, हे किती जणांना जमतं?

मंडळाच्या सगळ्यात मोठ्या कामाचं, मराठी विश्वकोशाचं, बिऱ्हाड वाईला थाटलं गेलं. मंत्रालयाच्या सावलीत नाही, कृष्णेच्या काठी. यशवंतराव १९६२च्या नोव्हेंबरात, चीनच्या आक्रमणाच्या धामधुमीत, संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. काम मात्र चालूच राहिलं. १९७३ला परिभाषेचा खंड आला, १९७६ला पहिला खंड. १९८०ला विश्वकोशासाठी वेगळं मंडळ झालं. शास्त्रीजी १९९४ला गेले ते याच कामात असताना. वीस खंड पूर्ण व्हायला २०१५ साल उजाडलं. पंचावन्न वर्षं! या काळात कितीतरी मुख्यमंत्री आले नि गेले.

उशीर झाला, फार झाला, हे मान्यच करायला हवं. पहिल्या खंडातल्या कितीतरी नोंदी शेवटचा खंड येईस्तोवर म्हाताऱ्या झाल्या. भाषा संचालनालयाचं तर सुरुवातीलाच हसं झालं. त्यांनी १९६२ साली पदनाम कोश काढला आणि अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' करून टाकलं. पण गंमत बघा, आयुक्त, संचालक, अधीक्षक, अभियंता हे शब्द आज आपण काही न वाटता वापरतो. आमच्या आबांनी अव्वल कारकून, पेशकार, मुन्सफ या शब्दांत उमेद घालवली होती. त्यांना 'अभियंता' शब्द ऐकून हसू यायचं. मग म्हणायचे, "हसू द्या रे, वापरून वापरून मऊ होतो शब्द, नव्या वहाणेसारखा."

याच आबांनी पेन्शनीतून पैसे साठवून विश्वकोशाचे खंड घेतले होते, एकेक करून. परवा ते चाळताना मला समासात पेन्सिलीने लिहिलेलं काहीतरी दिसलं. बारीक, उजवीकडून डावीकडे. उर्दू! आबा मराठी ज्ञानकोश वाचत होते आणि टिपणं उर्दूत काढत होते. आमच्या घरात आज ती लिपी वाचू शकणारं कोणीही नाही. मी बराच वेळ ते पान उघडं ठेवून बसलो. निजामाच्या शाळेत शिकलेला एक माणूस साठीनंतर स्वतःच्या आईच्या भाषेत जगाचं ज्ञान वाचतोय... राज्य स्थापनेचा अर्थ मला कुठल्याही भाषणापेक्षा त्या समासात जास्त कळला.

असो. मूळ प्रश्नाकडे येतो. सरकारने हात किती घालावा?

संस्कृतीचं खातं सांभाळणाऱ्या माणसाची परीक्षा उद्घाटनाच्या फितीपाशी होत नाही. आपण ज्याला पैसे देतो, जागा देतो, तोच उद्या आपल्या तोंडावर आपल्याला नको ते बोलतो, तेव्हा ती होते. माल्रोच्या वाट्याला ही परीक्षा १९६६ला आली. सरकारी पैशावर चालणाऱ्या पॅरिसच्या ओदेऑन नाट्यगृहात जाँ जने याचं नाटक लागलं. विषय अल्जीरियाच्या युद्धाचा होता आणि त्यात फ्रेंच सैन्याची विटंबना झाली म्हणून गदारोळ उठला. अनुदान कापा, अशी मागणी संसदेत झाली. माल्रो स्वतः द गॉलचा माणूस, युद्धात लढलेला. पण त्याने उभं राहून त्या नाट्यगृहाची बाजू घेतली. पास झाला. मात्र दोनच वर्षांनी, १९६८च्या फेब्रुवारीत, जुने सिनेमे जिवापाड जपणाऱ्या आंरी लांग्लुआला त्याच्या मंत्रालयाने सिनेमाथेकच्या प्रमुखपदावरून हटवलं. दिग्दर्शक रस्त्यावर उतरले आणि सरकारला एप्रिलमध्ये लांग्लुआला परत बसवावं लागलं. त्या पेपरात माल्रो नापास.

यशवंतरावांची परीक्षा त्यांच्या घरच्या मैदानावर झाली. डिसेंबर १९७५, कऱ्हाडचं साहित्य संमेलन. देशात आणीबाणी. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळातले परराष्ट्रमंत्री. लेखकांच्या व्यासपीठावर मंत्री नकोत असा तेव्हा आग्रह होता. यशवंतरावांनी स्वागताचं भाषण केलं आणि खाली श्रोत्यांत जाऊन बसले, असं सांगतात. दुर्गाबाईंनी तिथेच जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीला आराम पडावा म्हणून प्रार्थना करायला लावली. ज्या सरकारने जयप्रकाशांना तुरुंगात टाकलं होतं, त्याच सरकारचा ज्येष्ठ मंत्री यजमान असताना!

यजमानाने संमेलन उधळलं नाही, बाईंचं बोलणं तोडलं नाही. इथपर्यंत त्यांना पुरे गुण. पण पुढचंही लिहायला हवं. १९७६ला दुर्गाबाईंना अटक झाली आणि यशवंतराव मंत्रिमंडळातच राहिले. खुर्ची सोडून खाली श्रोत्यांत बसणं त्यांना जमलं, खुर्चीच सोडून देणं जमलं नाही. आमच्याकडे त्यांच्यावर जीव टाकणारी माणसं हे शेवटचं वाक्य टाळतात आणि त्यांच्यावर राग असणारी आधीचं. मला दोन्ही एकत्रच ठेवावीशी वाटतात. १९८४ला 'कृष्णाकाठ' हा त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ते गेले. १९७५बद्दल त्यांनी सविस्तर काय लिहिलं असतं, ते वाचायचं राहूनच गेलं.

जानेवारी २०२०ला आमच्याच गावात संमेलन झालं, संत गोरोबाकाकांच्या नावाच्या नगरीत, तेव्हा हे सगळं मला पहिल्यांदा आठवलं होतं. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या निवडीवरून आधी बराच वाद घातला गेला होता. तब्येत बरी नसतानाही फादर आले आणि बोलले. मी मंडपात पार मागे बसलो होतो. शेजारी एक शेतकरी काका शेंगा सोलत ऐकत होते. मनात आलं, मंडप सरकारने घातला की गावाने, पैसे कोणी दिले, हे या काकांना ठाऊकही नसेल. त्यांना फक्त समोरचा माणूस मोकळेपणी बोलताना ऐकू येतोय. बस्, एवढंच हवं असतं.

आता मण्यांकडे वळतो. कारण मंडळी, माझ्यापुढचा प्रश्न अजून टेबलावरच पडलाय, डब्यात.

तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचं नाव आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेली व्यापारपेठ. तेरणेकाठच्या या गावात शंखाच्या बांगड्या, मणी, भाजक्या मातीच्या मूर्ती आणि रोमशी नातं सांगणाऱ्या वस्तू सापडत आल्या आहेत. एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर अशी, की इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडलेल्या भारतीय मूर्तीची बहीणच. आणि या वस्तू जपल्या कोणी? आधी ना सरकारने, ना विद्यापीठाने. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी. माणूस गावचाच. पांढरीच्या मातीत लोकांना सापडणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षं गोळा करत राहिला, घरात मांडत राहिला. पुढे तो संग्रह राज्य सरकारकडे आला आणि आज तेरला त्यांच्याच नावाचं शासकीय संग्रहालय उभं आहे.

माल्रोचा रस्ता राजधानीतून गावाकडे जाणारा होता. हा रस्ता बरोबर उलटा. गावाने आधी जपलं, सरकार मागून आलं, त्याने छप्पर दिलं, पहारा दिला आणि पाटीवर नाव गावच्या माणसाचंच ठेवलं. यशवंतरावांनी वाईत जे केलं त्याच्याच जातीची ही गोष्ट आहे असं मला वाटतं. सरकारने संस्कृती घडवायला जाऊ नये. घडवणारा, जपणारा माणूस ओळखावा, त्याला खुर्ची द्यावी आणि आपण बाजूला व्हावं.

पण मग ओळखण्यासारखा माणूस आधी असावा लागतो ना? जपणारे हात घरोघर असावे लागतात. आमच्या घरात ते होते. सिगारेटच्या डब्यात का होईना, जपलेलं होतं. आता ते दोनदोन मण्यांच्या वाटण्या होऊन पुण्यामुंबईच्या शोकेसमध्ये गेले, तर ते तगरचे मणी राहणार नाहीत, नुसते मणी होतील. कुठल्या शेतात, कुठल्या बांधाजवळ सापडले हे सांगणारं कोणी उरलं नाही की वस्तू मुकी होते. कंबोडियात माल्रोने छिन्नी मारली तेव्हा त्याने दगड तर तोडलाच, दगडाचा पत्ताही तोडला. फरक इतकाच की त्याला पोलिसांनी पकडलं. आपल्याला कोण पकडणार? (तसा १८७८चा एक कायदा आहे बरं का. जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली चीजवस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवायची असते! चुलतभावाने ऑनलाइन भाव बघण्याआधी हे वाचावं.)

तेव्हा आत्या, दादा, काकू, आणि अमेरिकेतून हे वाचणारी बच्चेकंपनी, माझं म्हणणं असं आहे. डबा तेरच्या संग्रहालयात नेऊन दाखवूया. सोबत एक कागद देऊया. त्यावर आबांचं नाव, शेताचा गट नंबर आणि ते कसे वेचायचे ते लिहूया. तिथल्या जाणकारांना उपयोगाचे वाटले तर ते ठेवून घेतील. आठवण हवी असेल तर मी प्रत्येकाला त्या मण्यांचा फोटो पाठवतो.

विश्वकोशाचे खंड मात्र मी कोणाला देणार नाही. विश्वकोश आता घरबसल्या इंटरनेटवर फुकट वाचता येतो हे मला माहीत आहे. पण तिथल्या समासात आबा नाहीत. पुढच्या महिन्यापासून आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांकडे उर्दू शिकायला जायचं ठरवलंय. त्यांना पान दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "मी वाचून सांगू का?" मी नको म्हणालो.

तूर्तास इतकंच. घरच्यांनी आपापलं मत कळवा, भांडायचं असेल तर फोन करा.